घरात एकाला टीबी, बाकीच्यांच्या प्रतिबंधक गोळ्या मध्येच का सुटतात आणि त्यावर काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरात एकाला फुप्फुसाचा टीबी निघाला, बाकीच्यांची तपासणी झाली, कोणालाच टीबी नव्हता म्हणून सगळ्यांना प्रतिबंधक गोळ्या सुरू केल्या, सुरुवातीला सगळे घेत होते, आता दोघांनी बंद केल्यात, तिसरा घेतो म्हणतो पण त्याची स्ट्रिप भरलेलीच दिसते. विचारणारा या कामात नवीन आहे, प्रत्येक भेटीत समजावून सांगतो, फरक पडत नाही. काय चुकतंय?

मी बरीच वर्षं टीबीच्या पेशंटच्या घरच्यांबरोबरच काम करतेय, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे हे लोक बेफिकीर आहेत हे डोक्यातून काढून टाका. पेशंट स्वतः गोळ्या घेतो कारण त्याला ताप होता तो गेला, खोकला कमी झाला, भूक लागायला लागली, म्हणजे गोळी काहीतरी करतेय हे त्याला अंगावर कळतं. घरच्यांचं तसं नाही. त्यांना आधीही काही होत नव्हतं आणि गोळी घेऊनही काही वेगळं वाटत नाही, झालंच तर मळमळ होते. शिवाय गोळी लागू पडली हे दाखवणारी टेस्ट नाही, मॉन्टू (कातडीवरची) किंवा इग्रा (रक्ताची) ही टीबीच्या संसर्गाची टेस्ट एकदा पॉझिटिव्ह आली की कोर्स पूर्ण केल्यावरही पॉझिटिव्हच राहू शकते. म्हणजे धडधाकट माणसाला आपण सांगतोय की काही महिने औषध घे, तुला काही जाणवणार नाही, रिपोर्टमध्येही काही दिसणार नाही, आणि तरी चुकवू नको. हे अवघड आहे. माझ्या घरच्यांपैकी कोणाला सांगितलं तरी अवघडच जाईल.

दुसरं, "विसरतात" हे कारण आपण फार पटकन लावतो. २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला, आयॲडहिअर नावाचा, अमेरिका, स्पेन, हाँगकाँग आणि दक्षिण आफ्रिका इथल्या लोकांवर केलेला, आठवड्यातून एकदा घ्यायच्या १२ डोसच्या कोर्सवर. समोर बसवून डोस दिले त्यांच्यात ८७ टक्के लोकांनी कोर्स पूर्ण केला, घरी स्वतः घेणाऱ्यांत ७४ टक्के, आणि घरी घेणाऱ्यांना मोबाईलवर मेसेजने आठवण केली तेव्हा ७६ टक्के. म्हणजे नुसत्या आठवणीने जेमतेम २ टक्क्यांचा फरक. विसरणं हाच खरा प्रॉब्लेम असता तर मेसेजने तो सुटला असता ना. समोर बसून डोस घेताना माणसाला कोणीतरी विचारतं, त्रास झाला का, काही शंका आहे का, आणि माझ्या मते फरक तिथेच पडतो. तुम्ही प्रत्येक भेटीत समजावताय हे चांगलंच आहे, पण तुम्ही बोलताय आणि ते ऐकताहेत असं होतंय, ते उलटं करा.

तेव्हा आधी प्रत्येकाला वेगवेगळं गाठून एकच विचारा: या गोळीबद्दल तुम्हाला काय वाटतं? घरातल्या सगळ्यांसमोर विचारू नका, समोर सगळे "घेतो की" म्हणतात. एकटं गाठलं की खरं कारण बाहेर येतं आणि ते बहुतेक वेळा आपण धरून चाललो होतो त्यापेक्षा वेगळंच निघतं.

सगळ्यात जास्त ऐकू येतं ते "मला टीबीच नाही, मग टीबीची गोळी का?" याला मी असं सांगते की पेशंटबरोबर एका घरात राहिल्यामुळे जंतू तुमच्या शरीरात शिरलेले असू शकतात, शरीराने त्यांना दाबून ठेवलंय, राखेखाली विस्तव असतो तसं, दिसत नाही पण विझलेला नसतो. यातून पुढे टीबी होतोच असं नाही, आणि हे प्रामाणिकपणे सांगा, घाबरवू नका. संसर्ग झालेल्या १०० जणांपैकी साधारण ५ ते १० जणांना आयुष्यात कधीतरी टीबी होतो, बाकीच्यांना नाही. पण त्यातले बरेचसे संसर्गानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत होतात, म्हणून आत्ताच गोळ्या द्यायची घाई. ५ वर्षांखालची मुलं, एचआयव्ही असलेले, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारे यांना धोका बराच जास्त. हे खरे आकडे ऐकून लोक गोळी सोडतील अशी भीती नव्या लोकांना वाटते, मला उलटा अनुभव आहे. "गोळी नाही घेतली तर टीबी होणारच" असं सांगितलं आणि शेजारचा कोणी गोळी न घेता ठणठणीत दिसला की तुमच्या सगळ्याच बोलण्यावरचा विश्वास उडतो.

आणि अर्धवट कोर्सचा फायदा अर्धा मिळतो असंही नाही, हे सांगायला एक जुना पण भक्कम पुरावा आहे. १९८२ मध्ये युरोपातल्या ७ देशांतल्या सुमारे २८,००० लोकांवरच्या चाचणीचे निकाल आले होते. एक्स-रेमध्ये जुने डाग असलेले लोक होते, पेशंटच्या घरातलेच असं नाही, पण मुद्दा तोच. १२ आठवडे आयसोनियाझिड (प्रतिबंधासाठी सर्रास वापरलं जाणारं टीबीचं औषध) दिलं त्यांच्यात टीबी २१ टक्क्यांनी कमी झाला, २४ आठवड्यांत ६५ टक्क्यांनी आणि ५२ आठवड्यांत ७५ टक्क्यांनी. १२ आणि २४ आठवड्यांतली ही उडी बघा. सहा महिन्यांच्या कोर्समध्ये तिसऱ्या महिन्यात "एवढ्या घेतल्या, पुष्कळ झालं" म्हणणाऱ्याला मी हेच दाखवते, समजेल असं कागदावर काढून.

दुसरी शंका जरा आतली असते आणि लोक ती लवकर बोलून दाखवत नाहीत: आत्ता औषध खाल्लं आणि पुढे खरंच टीबी झाला तर तेव्हा औषध लागू पडणार नाही. ही शंका कधीकधी डॉक्टरच पेरतात. गोळ्या सुरू करण्याआधी खोकला, ताप, वजन घटणं, रात्री घाम येणं हे विचारून, शक्य तिथे एक्स-रे काढून, प्रत्यक्ष टीबी नाही याची खात्री केलेली असेल तर प्रतिबंधक गोळ्यांमुळे रेझिस्टन्स, म्हणजे जंतूंनी औषधाला दाद न देणं, लक्षणीय वाढतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही. धोका तेव्हा असतो जेव्हा टीबी असताना तो न ओळखता नुसत्या प्रतिबंधक गोळ्या दिल्या जातात, कारण टीबीच्या असंख्य जंतूंपुढे एक-दोन औषधं पुरी पडत नाहीत. म्हणून तपासणी ही फॉर्म भरण्यापुरती उरकायची गोष्ट नाही.

नेहमीचे डॉक्टर हा तर वेगळाच विषय. घरच्यांचा ज्या डॉक्टरवर वर्षानुवर्षांचा विश्वास आहे त्याने एकदा सहज म्हटलं की "काही नाहीये तुम्हाला, कशाला खाताय", की आपल्या चार भेटी पाण्यात. यावर घरच्यांशी वाद घालू नका, त्या डॉक्टरांना जाऊन भेटा किंवा फोन करा, कोणता कोर्स आहे, का दिलाय, त्रास झाला तर काय करायचं एवढं सांगा. बहुतेक डॉक्टरांना कोणी विचारलेलंच नसतं, विचारलं की ते बाजूने उभे राहतात. विश्वासावरून आठवलं, १९५० च्या दशकात अलास्काच्या बेथेल भागात जॉर्ज कॉमस्टॉक यांनी घराघरात आयसोनियाझिडची चाचणी केली तेव्हा गोळी सुरक्षित आहे हे पटवायला त्यांनी ती स्वतः आणि स्वतःच्या कुटुंबालाही दिली होती. आपण तेवढं करायची गरज नाही, पण समोरचा माणूस हेच बघत असतो की ही गोळी तुम्ही तुमच्या घरच्यांना दिली असती का.

आता घरातली एक गोष्ट जी मी पुन्हा पुन्हा बघितलीय. एका घरात गेले तेव्हा आईने सगळ्यांच्या स्ट्रिप एका डब्यात नावं लावून ठेवल्या होत्या, नवऱ्याची टीबीची औषधं वेगळी, मुलांची वेगळी, सासूबाईंची वेगळी, कोणाची किती झाली हे तिला तोंडपाठ. तिच्या स्वतःच्या नावाच्या पाकिटातली पहिली ओळही फोडलेली नव्हती. विचारलं तर म्हणाली, "सगळ्यांचं आवरून होईपर्यंत रात्र होते, मग राहूनच जातं, आणि मला मळमळलं तर यांचं कोण करणार?" तिला टीबीची माहिती माझ्याइतकी होती, समजावण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. तिची गोळी सकाळी, सगळ्यांच्या आधी घ्यायची असं ठरवलं, मळमळ झाली तर काय करायचं ते ठरवलं, आणि तिला गोळी द्यायची जबाबदारी मोठ्या मुलीने घेतली. म्हणून सांगते, जी व्यक्ती सगळ्यांच्या गोळ्या सांभाळते तिची स्ट्रिप आधी बघा. तुमच्या प्रश्नातला "घेतो म्हणतो" वालाही असाच कोणाची तरी काळजी घेणारा आहे का ते तपासा.

साईड इफेक्टबद्दल मी जास्त लिहिणार आहे कारण पहिल्या महिन्यातल्या गळतीचा मोठा भाग इथे आहे आणि तो आधी सांगून थांबवता येतो. रिफाम्पिसिन किंवा रिफापेन्टिन असलेल्या कोर्समध्ये लघवी केशरी-लालसर होते, घाम आणि डोळ्यातलं पाणीही रंगू शकतं. हे निरुपद्रवी आहे, पण न सांगता दिलं तर? एका तरुण मुलाने पहिल्या डोसनंतर लघवी लाल बघितली, त्याला वाटलं रक्त आहे, घाबरून उरलेल्या गोळ्या फेकून दिल्या आणि लाजेने घरात कोणाला सांगितलंही नाही, विचारलं की "घेतली" म्हणायचा. एक वाक्य आधी सांगितलं असतं तर त्याचा कोर्स वाचला असता. आठवड्याच्या गोळ्यांमध्ये काहींना डोसनंतर काही तासांनी फ्लूसारखं होतं, अंग दुखतं, कणकण येते, चक्कर येते, बहुतेकांचं एक-दोन दिवसांत निवळतं, पण चक्कर येऊन पडणं, श्वासाला त्रास, अंगभर पुरळ असं काही झालं तर पुढचा डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. रिफापेन्टिन खाऊन घ्यायचं. आयसोनियाझिड रिकाम्या पोटी चांगलं, पण मळमळत असेल तर थोडं खाऊन घेतलेलं चालतं, न घेण्यापेक्षा बरं. हातापायाला मुंग्या येऊ नयेत म्हणून बी ६ व्हिटॅमिन देतात, विशेषतः गरोदर बायका, डायबेटिस असलेले, दारू पिणारे, कुपोषित लोक यांना.

लिव्हरची लक्षणं मात्र घरातल्या प्रत्येकाला पाठ पाहिजेत: जेवणावरची वासना जाणं, सतत उलट्या, पोटात उजव्या बाजूला दुखणं, प्रमाणाबाहेर थकवा, डोळे पिवळे, लघवी गडद. यातलं काही झालं तर गोळी त्याच क्षणी थांबवायची आणि त्याच दिवशी दाखवायचं. इथे केशरी आणि गडद चहासारखी लघवी यातला फरक समजावून सांगा, लोक गोंधळतात. आणि तुमच्या सांगण्यावरून गोळी थांबवून जो आला त्याला "का बंद केली" असं चुकूनही विचारू नका, त्याने अगदी बरोबर केलंय.

रिफाम्पिसिन गटाची औषधं गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी करतात, रक्त पातळ करणाऱ्या काही गोळ्या आणि एचआयव्हीची काही औषधं यांच्याशीही जुळत नाहीत. हे सगळ्यांसमोर कोणी सांगत नाही, म्हणून पुन्हा तेच, एकट्याला विचारा. दारूचंही तसंच. "दारू पिऊ नका" एवढं बोलून मोकळे झालात तर माणूस दारूच्या दिवशी गोळी सोडतो आणि तुम्हाला कळतही नाही.

कोर्स कोणता निवडायचा यावर तुमचा हात चालत असेल तर छोटा निवडा. रोज आयसोनियाझिड ६ महिने, रोज आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन ३ महिने, रोज नुसतं रिफाम्पिसिन ४ महिने, आठवड्यातून एकदा आयसोनियाझिड आणि रिफापेन्टिन १२ डोस, किंवा तेच रोज २८ दिवस, असे पर्याय आहेत. वय, गरोदरपण, चालू औषधं आणि काय उपलब्ध आहे यावर डॉक्टर ठरवतात. २०११ च्या मोठ्या चाचणीत १२ डोसचा कोर्स ८२ टक्के लोकांनी पूर्ण केला, ९ महिन्यांचा आयसोनियाझिड ६९ टक्क्यांनी. २०१८ मध्ये ४ महिने रिफाम्पिसिन ७९ टक्क्यांनी पूर्ण केलं, ९ महिने आयसोनियाझिड ६३ टक्क्यांनी. आपण कितीही गोड बोललो तरी एवढा फरक नुसत्या बोलण्याने पडत नाही, कोर्सची लांबीच जास्त बोलते. शक्य असेल तर एका घरात एकच कोर्स आणि आठवड्याचा असेल तर सगळ्यांचा एकच वार ठेवा.

पण निवडीआधी एक गोष्ट बघायलाच हवी, ती म्हणजे पेशंटचा रिफाम्पिसिन रेझिस्टन्सचा रिपोर्ट. पेशंटचा टीबी एमडीआर, म्हणजे आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन दोन्हींना दाद न देणारा, निघाला तर घरच्यांना या नेहमीच्या गोळ्यांचा उपयोग नाही. २०२४ पासून जागतिक आरोग्य संघटना अशा घरातल्यांसाठी ६ महिने रोज लेव्होफ्लॉक्सासिन सुचवते. चुकीची गोळी निष्ठेने घेणारं घर यापेक्षा वाईट काही नाही.

डोस चुकला तर काय, हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, कारण लोकांना वाटतं एक चुकली म्हणजे सगळं वाया गेलं, आणि मग ते पूर्णच सोडतात. तसं नसतं. रोजच्या कोर्समध्ये साधारण ८० टक्के डोस ठरलेल्या वाढीव मुदतीत झाले तर कोर्स पूर्ण धरतात, आठवड्याच्या १२ डोसच्या कोर्समध्ये मात्र ११ डोस १२० दिवसांत व्हायला हवेत. आठवड्याचा डोस चुकला आणि दोन दिवसांत आठवला तर लगेच घ्यायचा आणि वार तोच ठेवायचा, त्याहून उशीर झाला तर आठवेल त्या दिवशी घ्यायचा आणि पुढे तोच वार धरायचा, दोन डोसमध्ये किमान चार दिवस हवेतच. रोजच्या कोर्समध्ये खंड दोन आठवड्यांपेक्षा कमी असेल तर तिथून पुढे सुरू करून राहिलेले दिवस शेवटी जोडायचे. जास्त मोठा खंड असेल तर किती डोस झालेत ते मोजून डॉक्टर ठरवतील, कधी नव्याने सुरू करावं लागतं. चुकलेली भरून काढायला एकदम डबल गोळ्या मात्र कधीच नाही.

विचारायची पद्धतही बदला. "घेता ना गोळ्या?" याचं उत्तर "हो" शिवाय काय येणार? मी विचारते, "गेल्या आठवड्यात कुठल्या दिवशी राहिली?" म्हणजे राहणं हे होतंच असं गृहीत धरूनच, मग माणूस मोकळेपणी सांगतो. स्ट्रिप मोजायची असेल तर त्याच्यासमोर, त्याच्या हातात देऊन, मागून जाऊन कचऱ्यात बघू नका.

लहान मुलांचं वेगळं. ५ वर्षांखालच्या मुलाला टीबी नाही हे नक्की झालं की मॉन्टू किंवा इग्रा न करताही प्रतिबंधक औषध देतात, आणि डोस वजनावर असतो, म्हणून वजन प्रत्येक भेटीत बघा. पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या मिळत असतील तर त्याच मागा. मूल थुंकतं, आई दमते, ही लढाई रोजची असते, तिला सांगा की हे सगळ्यांच्या घरात होतं.

आणि पेशंटला विसरू नका. माझ्यामुळे सगळ्यांना गोळ्या खाव्या लागतात ही टोचणी त्याला असते, घरातल्या भांडणात कोणीतरी ते बोलूनही दाखवतं. काही घरांत पेशंट आणि बाकीचे एकाच वेळी गोळी घेतात आणि ते फार छान चालतं, काही घरांत पेशंटने आठवण केली की चिडचिड होते आणि मुद्दाम सोडली जाते. कुठलं घर कसं आहे ते बघूनच सुचवा. घराबाहेरच्यांना कळू नये ही भीती दोन्हीकडे असते, त्यामुळे गोळ्या साध्या पाकिटात द्या आणि घरी जायच्या आधी येऊ का ते विचारा.

तुमच्या या घरात उद्या गेलात तर सगळ्यात आधी तिघांनाही लक्षणं नव्याने विचारा, मधल्या काळात खोकला-ताप सुरू झाला असेल तर गोळ्या परत सुरू करायच्या नाहीत, आधी तपासणी. लक्षणं नसतील तर कोणाचे किती डोस झाले ते लिहून काढा, बंद का केल्या ते एकेकट्याला विचारा, आणि प्रत्येकाच्या कारणावर एकच उपाय ठरवा, पाच नाही. एका आठवड्यात परत फोन करा. पहिले चार आठवडे जवळून लक्ष दिलंत तर पुढचं बरंच सोपं जातं.

आणखी एक, हा प्रश्न गोळ्या सोडणाऱ्यांचा आहे, पण त्याहून जास्त लोक गोळी हातात येण्याआधीच निसटतात. २०१६ मध्ये जगभरातल्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात तपासणीला पात्र असलेल्या १०० लोकांपैकी जेमतेम १९ जणांचा कोर्स पूर्ण झालेला दिसला, आणि बहुतेक गळती तपासणी, रिपोर्ट, पुढची भेट या फेऱ्यांमध्येच होती. तेव्हा या घरात ज्यांची तपासणीच राहिली असे कोणी आहेत का, कामानिमित्त बाहेर असणारा मुलगा, फक्त रात्री झोपायला येणारा भाऊ, हेही विचारून घ्या.

कोर्स पूर्ण झाला की कोणता कोर्स, कधी सुरू, कधी संपला असं लिहिलेला कागद प्रत्येकाला द्या. पुढे कधी नोकरीसाठी किंवा दुसऱ्या डॉक्टरकडे टेस्ट पॉझिटिव्ह आली तर परत गोळ्या सुरू होऊ नयेत म्हणून तो दाखवायचा. पुन्हा कोणा नव्या पेशंटबरोबर राहणं झालं तर परत तपासणी करायची आणि गरज पडली तर परत कोर्सही. आणि दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला तर गोळ्या घेतल्या होत्या म्हणून घरी बसायचं नाही, तोच कागद घेऊन तपासायला जायचं.